हाडावरची खूण आणि माणसाची बैठक: घोट्याच्या सांध्यावरील एका संशोधनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातले आहे. महाविद्यालय, गाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. मी त्याच महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यकशास्त्र, विभागात शिकवतो. महाविद्यालयाच्या संशोधन समितीत असल्यामुळे हा सगळा प्रवास जवळून पाहायला मिळाला. अशा अडचणी आपल्याकडच्या बहुतेक अ‍ॅनाटॉमी विभागांत येतात, पण प्रबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ या मथळ्याखाली दोन ओळींत त्यांची बोळवण होते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

ज्यांच्याभोवती हे घडले त्या प्राध्यापकांना सगळे मॅडमच म्हणतात, मीही तेच म्हणेन. हातापायांची रचना आणि त्यांची हालचाल यांचे नाते हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. घोटा शिकवताना त्या फळ्यापासून सुरुवात करत नाहीत. आधी सगळ्या वर्गाला जमिनीवर उकिडवे बसायला लावतात. ज्यांना टाचा टेकवून बसता येते ते एका बाजूला, ज्यांच्या टाचा उचलल्या जातात ते दुसऱ्या बाजूला. मग विचारतात, “हाडे सगळ्यांची सारखीच ना? मग हा फरक कुठून आला?” त्यांच्या संशोधनाचा प्रश्नही हाच होता.

आधी थोडी रचना सांगतो. नडगीचे हाड म्हणजे टिबिया आणि त्याच्या शेजारचे बारीक फिब्युला यांची खालची टोके मिळून एक खोबण होते. त्या खोबणीत टॅलस नावाचे हाड बसते. टॅलस मोठे विलक्षण हाड आहे. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. शरीराचा सगळा भार ते पावलाकडे पोचवते, पण स्वतः हलते ते आजूबाजूच्या हाडांच्या आणि अस्थिबंधांच्या जोरावर. त्याचा वरचा गुळगुळीत भाग मागच्यापेक्षा पुढे रुंद असतो. त्यामुळे पाऊल वर वाकते, म्हणजे नडगी पावलावर पुढे झुकते, तेव्हा हा रुंद भाग खोबणीत घट्ट अडकतो. टाचा टेकवून उकिडवे बसताना ही हालचाल टोकाला जाते. टिबियाची पुढची कड टॅलसच्या मानेला जाऊन भिडते. असे वर्षानुवर्षे घडले तर भिडण्याच्या जागी एक छोटा गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो, असे मानले जाते. शास्त्रात त्याला स्क्वॉटिंग फॅसेट म्हणतात. इथे सोयीसाठी मी ‘बैठकीची खूण’ म्हणतो.

या खुणेला सव्वाशे वर्षांपेक्षा मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या उपखंडाचा वाटा मोठा आहे. १८८९ साली आर्थर थॉमसन यांनी बसण्याच्या पद्धतीचा टिबिया आणि टॅलसच्या सांध्यांवर होणारा परिणाम मांडला. १८९३ मध्ये लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात अ‍ॅनाटॉमी शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांचे बारकाईने वर्णन केले. पुढच्याच वर्षी त्यांनी आयुष्यात कमावलेले असे गुण पुढच्या पिढीत उतरतात का, हा प्रश्नही उपस्थित केला. त्याच सुमारास, १८९२ मध्ये, युलियस वोल्फ यांनी हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार घडत जाते हा नियम मांडला होता. त्या काळात या खुणेकडे कुतूहलाने पाहिले गेले यात नवल नाही. १९५४ मध्ये बार्नेट यांनी युरोपीय टॅलसवरच्या खुणांचा अभ्यास मांडला. तिथे तर उकिडवे बसण्याची रीतच उरलेली नव्हती. त्यामुळे खूण दिसली की बैठक सिद्ध झाली, हे समीकरण डळमळले. १९५९ मध्ये इंदरबीर सिंग यांनी भारतीय हाडांवर काम करताना टॅलसवरची खरी खूण आणि वरच्या सांध्याचा पृष्ठभाग नुसताच पुढे पसरणे या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. हा शेवटचा भेद पुढे आमच्या विभागालाही अडचणीत आणणार होता.

अडचण

मॅडमच्या हाताखाली एमडी करणाऱ्या एका रेसिडेंटने, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी डॉक्टरने, सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिला. शीर्षकाचा आशय असा होता: महाराष्ट्रीय लोकसंख्येतील टिबिया व टॅलस यांवरील बैठकीच्या खुणा आणि घोट्याच्या हालचालीशी त्यांचा संबंध. विभागाच्या कपाटांत हाडे होती, व्हर्निअर कॅलिपर होता आणि मार्गदर्शकांना विषय तळहातासारखा माहीत होता. समितीपुढे आलेल्या सिनॉप्सिसमध्ये सगळे जागच्या जागी दिसत होते.

मी एकच प्रश्न विचारला: ही हाडे कुणाची?

रेसिडेंटला सांगता येईना. मॅडम म्हणाल्या, “मामांना विचारू.” मामा म्हणजे डिसेक्शन हॉल आणि हाडांची कपाटे सांभाळणारे विभागातले जुने कर्मचारी. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागातल्या टिकाऊ सामानाची नोंदवही, काढले. पिवळ्या पडलेल्या पानांवर बोन सेटच्या नोंदी होत्या. किती सेट, किंमत काय, पुरवठादार कोण, एवढेच त्यात होते. मामांनी कपाटाचा एक कप्पा उघडला आणि सांगितले, “हे कलकत्त्याहून मागवलेले. हे आपल्या हॉलमधले, बॉडी झाल्यावर काढलेले. आणि हे मधले मिसळलेले आहेत साहेब, पोरं अभ्यासाला नेतात आणि कुठंही ठेवतात.”

बरीच हाडे कोलकात्याची होती. देशभरातल्या जुन्या महाविद्यालयांत हीच गत आहे. मानवी हाडांच्या व्यापाराचे कोलकाता हे मोठे केंद्र होते. १९८५ मध्ये भारताने मानवी सांगाड्यांची निर्यात बंद केली, तोवर परदेशातल्या विद्यार्थ्यांच्या टेबलांवरही तिथलीच हाडे होती. ती माणसे कुठली, काय काम करणारी, याची नोंद कुठेच नाही. हॉलमधली हाडे मुंबई अ‍ॅनाटॉमी कायदा, १९४९ या कायद्याखाली आलेल्या बेवारस देहांची असू शकतात किंवा देहदानातल्या देहांची. कुणाचे हाड कुणाचे, हा धागा तिथेही तुटलेला.

म्हणजे शीर्षकातल्या तिन्ही शब्दांची पंचाईत झाली. ‘महाराष्ट्रीय’ म्हणायला आधार नव्हता. ‘बैठक’ म्हणायची तर ही माणसे आयुष्यभर कशी बसत होती हे कुणालाच ठाऊक नव्हते. आणि ‘हालचाल’ कोरड्या हाडाला नसतेच. स्नायू, अस्थिबंध, सांध्याचे आवरण सगळे निघून गेलेले असते. एका माणसाची टिबिया आणि त्याच माणसाचे टॅलस यांची जोडीही लावता येत नव्हती, कारण सुटी हाडे एकत्र ठेवली जातात. टॅलससारख्या सुट्या हाडावरून स्त्री की पुरुष हे ठरवणेही भरवशाचे नसते.

आणखी एक गुंता नंतर पुढे आला. टिबियाच्या पुढच्या कडेवर आणि टॅलसच्या मानेवर हाडाचे उंचवटे दुखापतीमुळे किंवा सांध्याच्या झिजेमुळेही येतात. मॅकमरे यांनी १९५० मध्ये फुटबॉलपटूंच्या घोट्याचे जे वर्णन केले ते याच जागेचे आहे. बसण्यामुळे झालेला गुळगुळीतपणा आणि झिजेमुळे झालेली वाढ कोरड्या हाडावर शेजारी शेजारी येतात, आणि काही हाडांवर एकमेकांत मिसळतातही.

समोर असलेले पर्याय

मॅडमच्या केबिनमध्ये बैठक झाली. मॅडम, रेसिडेंट, फिजिओथेरपी विभागातल्या एक सहकारी आणि मी असे चौघे होतो. तीन वर्षांच्या एमडीमध्ये प्रबंध अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करावा लागतो. ती तारीख मनात धरूनच सगळे बोलत होते.

पहिला पर्याय: आहे तेच पुढे न्यायचे. हाडे मोजायची आणि शीर्षकात ‘महाराष्ट्रीय’ राहू द्यायचे. असे प्रबंध निघतात आणि मंजूरही होतात. रेसिडेंटच्या दृष्टीने हा सर्वांत सुरक्षित रस्ता होता. त्याची भीती मला समजत होती. विद्यापीठाकडे गेलेले शीर्षक बदलायचे म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी, पुन्हा वाट पाहणे.

दुसरा: हाडांवरच काम करायचे, पण दावा आकसून घ्यायचा. ‘मूळ अज्ञात असलेल्या कोरड्या हाडांवर बैठकीच्या खुणा किती आणि कोणत्या प्रकारच्या दिसतात’, इतकेच. काम प्रामाणिक, पण रेसिडेंटच्या शब्दांत ‘कोरडे’.

तिसरा: देहदानातून आलेले देह. इथे नाव, वय आणि व्यवसाय माहीत असतो, नातेवाइकांना विचारता येते. मॅडमना हाच पर्याय सर्वांत आवडला होता. पण वर्षाला येणारे देह मोजकेच. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे देह टिकवण्याच्या द्रावणात, ठेवलेला देह ताठर होतो. सांधे हलवून हालचाल मोजायची म्हटली तर मोजले जाते ते फॉर्मॅलिनचा परिणाम. खूण पाहता येते, हालचाल नाही.

चौथा: जिवंत माणसे. उकिडवे बसणारी आणि न बसणारी माणसे शोधायची आणि घोट्याची हालचाल मोजायची. खूणही पाहायची तर एक्स-रे काढावा लागेल. घोट्याच्या एक्स-रेत किरणोत्सर्गाची मात्रा फारच कमी असते, तरीही निरोगी माणसाला केवळ संशोधनासाठी किरण द्यायचे तर एथिक्स कमिटी विचारणारच. सीटी तर याहून पुढची गोष्ट. रुग्णांचे आधीच काढलेले सीटी वापरता आले असते, पण ती माणसे घोट्याला इजा झाली म्हणून आलेली, आणि आपल्याला अभ्यास करायचा होता निरोगी घोट्याचा.

पाचवा पर्याय कुणी उघडपणे बोलले नाही, पण तो टेबलावर होता. विषयच सोडून द्यायचा आणि एखाद्या स्नायूच्या रचनाभेदावर प्रबंध लिहायचा.

निर्णयाचे क्षण

मॅडम बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “या हाडांनी जे पाहिलं ते ती आपल्याला सांगणार नाहीत. आणि जी माणसं सांगतील त्यांची हाडं आपण पाहू शकत नाही. दोन्ही कामं करू, पण एकमेकांत कालवायची नाहीत.”

दोन भाग ठरले. पहिल्या भागात कोरडी हाडे, फक्त वर्णनासाठी. दुसऱ्या भागात जिवंत माणसांच्या घोट्याची हालचाल, एक्स-रेशिवाय. दोन्ही भागांचे निष्कर्ष वेगवेगळे मांडायचे, त्यांच्यामध्ये पूल बांधायचा नाही. शीर्षकातून ‘महाराष्ट्रीय’ गेले, ‘संबंध’ हा शब्दही गेला. रेसिडेंट नाराज झाला. “मॅडम, मग यात राहिलं काय?” असे तो म्हणाला. मॅडमनी त्याला थेट उत्तर दिले नाही. इंदरबीर सिंग यांच्या कामाची प्रत त्याच्या हातात ठेवली आणि दोन दिवसांनी ये म्हणाल्या.

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. प्रश्न छोटा केल्यामुळे काम छोटे होत नाही, उलट उत्तर कशाचे द्यायचे हे पक्के होते.

दुसरा पेच हाडांवर काम सुरू झाल्यावर आला. रेसिडेंटने पहिल्या टप्प्यातल्या हाडांवर खुणा नोंदवल्या आणि मॅडमनी त्यातली काही न सांगता स्वतः पाहिली. जुळवून पाहिले तर दोघांच्या नोंदींत मोठी तफावत होती. मी कॅपा काढला. दोन निरीक्षक एकाच गोष्टीवर योगायोगापेक्षा किती जास्त सहमत होतात ते मोजणारा हा आकडा, १९६० मध्ये कोहेन यांनी सुचवलेला. आमचा कॅपा पुढे जाण्याजोगा नव्हता.

कारण शोधताना इंदरबीर सिंग यांचा तो भेदच समोर आला. टॅलसचा वरचा सांधा कधी कधी पुढे, मानेवर थोडा उतरतो. तो पृष्ठभाग वरच्या सांध्याशी सलग असतो. खरी खूण मानेवर वेगळी असते, टिबियाच्या कडेशी भिडणारी. रेसिडेंट दोन्ही मिळून ‘खूण आहे’ असे लिहीत होता. मॅडम फक्त दुसऱ्या प्रकाराला खूण मानत होत्या. दोघेही आपापल्या परीने सुसंगत होते, पण दोघांची व्याख्या वेगळी होती आणि ती कुणीच लिहून ठेवलेली नव्हती.

रेसिडेंट म्हणाला, “मी पाहिलेलीच ठेवू या, मॅडम थोडी पाहतील.” मॅडमनी नकार दिला. आधी एका पानाची व्याख्या लिहिली गेली. त्यात हाडांचे फोटो होते. बाहेरच्या बाजूची खूण, आतल्या बाजूची खूण, सलग पसरलेला पृष्ठभाग, झिजेची वाढ, आणि ‘ठरवता येत नाही’ असा पाचवा रकाना. हा पाचवा रकाना हवाच, असा माझा आग्रह होता. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहायला लावले तर माणूस कुठेतरी ढकलतो. मामांनी सगळ्या हाडांवर नवे क्रमांक चिकटवले आणि जुने झाकले, म्हणजे कलकत्त्याचे कोणते आणि हॉलमधले कोणते हे पाहणाऱ्याला कळू नये. मग दोघांनी सगळी हाडे पुन्हा पाहिली, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोलीत. या वेळी सहमती चांगली आली.

जिवंत माणसांचे काम

हा भाग मला स्वतःला सर्वांत शिकवून गेला, म्हणून जरा थांबून सांगतो.

ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्राच्या गावातल्या शेतमजूर बायका हा एक गट ठरला. महाविद्यालयातल्या कार्यालयीन आणि नर्सिंग कर्मचारी बायका हा दुसरा. दोन्ही गटांत वयाची मर्यादा सारखी ठेवली. पूर्वी घोटा मोडलेल्या, मधुमेहाने पायाला बधिरता आलेल्या बायकांना घेतले नाही.

पहिल्या प्रश्नावलीत विचारले होते, ‘तुम्ही उकिडवे बसता का?’ सगळ्यांनी ‘हो’ म्हटले. गावातल्याही आणि कार्यालयातल्याही. कारण लादी पुसताना, पूजेला, खाली पडलेले उचलताना बसणे कुणालाच चुकलेले नाही. त्यातही खाली बसणे आणि उकिडवे बसणे यांची गल्लत होत होती. मांडी घालून बसताना पाऊल खाली आणि आत वळते, घोट्याची नेमकी उलट दिशा. विळीवर भाजी चिरताना एक पाय आखडलेला आणि दुसरा दाबलेला. या सगळ्याला ‘बैठक’ म्हटले तर टॅलसच्या मानेशी त्याचा काही संबंध राहत नाही.

खरा फरक मॅडमनी वर्गात शिकवलेल्या गोष्टीतच होता: टाच टेकते की नाही. चवड्यांवर उकिडवे बसले तर घोट्याची हालचाल टोकाला जात नाही. ताण बोटांच्या मुळाच्या सांध्यांवर येतो. टाच टेकून बसले तरच टिबियाची कड टॅलसला भिडते. म्हणून दुसऱ्या प्रश्नावलीत ‘बसता का’ ऐवजी बायकांना बसूनच दाखवायला सांगितले. ‘खुरपणी करताना कशा बसता ते दाखवा.’ फिजिओथेरपीच्या सहकारी बाजूला बसून टाचा पाहत होत्या. पुढचे प्रश्नही बदलले: खुरपणीचे दिवस किती, भांडी मोरीत की ओट्याजवळ उभ्याने, स्वयंपाक चुलीवर की गॅसच्या ओट्यावर, संडास भारतीय की कमोड, आणि हे कोणत्या वयापासून. शेवटच्या प्रश्नावर बायका सगळ्यात जास्त बोलल्या. लग्नाआधी चूल, लग्नानंतर ओटा, मुले झाल्यावर गुडघे दुखायला लागले म्हणून कमोड. एकेका घरातल्या वस्तू बदलत गेल्याचा तो इतिहास होता.

मोजणीसाठी भिंतीची चाचणी घेतली. अनवाणी उभे राहायचे, टाच जमिनीवर, गुडघा वाकवून भिंतीला टेकवायचा. पाऊल थोडे थोडे मागे न्यायचे. टाच उचलायच्या बेतात येते तिथे थांबायचे आणि नडगीचा कोन मोजायचा. बेनेल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या चाचणीची विश्वासार्हता दाखवली आहे. या पद्धतीत गुडघा वाकलेला असतो. पोटरीचा वरचा मोठा स्नायू, गॅस्ट्रोक्निमियस, गुडघ्याच्या वरून येतो, तो त्यामुळे सैल पडतो. मग अडवतो तो फक्त पोटरीतला खालचा स्नायू, सोलियस, आणि खुद्द सांधा. उकिडवे बसतानाही हेच घडते, म्हणून ही चाचणी निवडली. साडी वर सरकवावी लागणार होती. त्यासाठी स्वतंत्र खोली आणि मोजणारी बाई ही अट पहिल्या दिवसापासून होती.

मग एक अडचण आली जी आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. ते सोयाबीनच्या निंदणीचे दिवस होते. बायका दिवसभर शेतात असत, म्हणून रेसिडेंट संध्याकाळी गावात जायचा. कार्यालयातल्या बायकांची मोजणी सकाळी होत होती. दिवसभर टाचा टेकून बसलेल्या घोट्याचे स्नायू तात्पुरते ताणलेले असतात, तो घोटा त्या दिवसापुरता जास्त वाकणारच. आपण सवय मोजत होतो की आजचा दिवस? ही शंका गावातल्याच एका आशाताईंनी काढली. त्यांचा प्रश्न साधा होता, “डॉक्टर, दिवसभर बसून आल्यावर तर पाय मोकळा झालेला असतो, मग?” मॅडमनी तोवरच्या संध्याकाळच्या मोजण्या बाजूला ठेवल्या. गावात आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. त्यापुढची सगळी मोजणी बाजाराच्या दिवशी सकाळी झाली.

काय हाती आले

हाडांच्या भागात खुणा दिसल्या. टिबियावर आणि टॅलसवरही बाहेरच्या बाजूच्या खुणा आतल्या बाजूच्या खुणांपेक्षा अधिक होत्या. आधीच्या अभ्यासांशी हे जुळते. काही हाडे ‘ठरवता येत नाही’ या रकान्यात गेली आणि तशीच प्रबंधात मांडली. कोलकात्याची हाडे आणि हॉलमधली हाडे यांची तुलना करण्याचा मोह झाला होता. मॅडमनी तो होऊ दिला नाही, कारण मधला मिसळलेला कप्पा दोन्हीकडे पसरलेला होता.

जिवंत गटात टाचा टेकून काम करणाऱ्या बायकांचा घोटा जास्त वाकत होता. हे अपेक्षितच होते. पण वय आणि वजन विचारात घेतल्यावर हा फरक कमी झाला. अपवादही ठळक होते. कार्यालयातल्या एकीचा घोटा शेतमजूर बायकांइतका वाकत होता. तिने शेतात कधी काम केलेले नव्हते. आणि गावातल्या एका वयस्कर बाईचा घोटा आखडलेला होता. बोलताना समजले की गुडघेदुखीमुळे तिने खुरपणी काही वर्षांपूर्वीच सोडली होती.

त्या एका बाईमुळे प्रश्न नीट लक्षात आला. सवयीमुळे घोटा वाकतो, की ज्यांचा घोटा वाकतो तीच माणसे ती सवय टिकवून ठेवतात? एका वेळच्या मोजणीतून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी एकाच माणसाला वर्षानुवर्षे पाहावे लागेल. प्रबंधात हे वाक्य मर्यादांच्या यादीत टाकलेले नाही, ते निष्कर्षांत आहे. मॅडमनी तसा आग्रह धरला आणि माझ्या मते ते योग्यच होते. या अभ्यासाला मिळालेले सर्वांत ठोस उत्तर तेच आहे.

प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी विचारले, “दोन्ही भाग का जोडले नाहीत?” रेसिडेंटने उत्तर दिले, “कारण हाडे कुणाची ते माहीत नाही, आणि ज्यांचे पाय मोजले त्यांची हाडे आम्ही पाहिली नाहीत.” त्या दिवशी सिंग यांची ती प्रत त्याच्या फायलीत होती.

वेगळे काय करता आले असते

डेडस्टॉक रजिस्टर सिनॉप्सिस लिहिण्याआधी उघडायला हवे होते. विभागातल्या हाडांवर काम करणाऱ्या प्रत्येक संशोधनात पहिली भेट कपाट सांभाळणाऱ्या माणसाशी व्हायला हवी. त्यांना जे माहीत असते ते रजिस्टरमध्येही नसते.

खुणेची लेखी व्याख्या आणि दोन निरीक्षकांची चाचणी थोड्या हाडांवर आधीच घेतली असती तर पहिला टप्पा पुन्हा करावा लागला नसता. विभागातले अनुभवी डोळे आणि नवशिके डोळे एकच पाहतात, असे गृहीत धरले गेले होते.

जिवंत माणसांचा भाग मुळात वेगळा प्रकल्प म्हणून, फिजिओथेरपीच्या नेतृत्वाखाली व्हायला हवा होता. एका प्रबंधात दोन भाग बसवताना रेसिडेंटची फार ओढाताण झाली. मार्गदर्शकांनी वेळापत्रक ठरवताना याचा विचार करायला हवा. आशाताईंसारख्या माणसाला नियोजनाच्या पहिल्याच बैठकीला बोलावले असते तर संध्याकाळच्या मोजण्या फुकट गेल्या नसत्या. गावातली माणसे आपण नमुना म्हणून मोजतो, पण त्यांना आपल्या पायांविषयी आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त कळते.

पुढे काय झाले

प्रबंध संपल्यावर मॅडमनी एका गोष्टीचा पाठपुरावा सोडला नाही. देहदानाचा अर्ज भरणाऱ्या माणसाला आता विभागाकडून एक ऐच्छिक तक्ता दिला जातो. आयुष्यात कोणती कामे केली, किती वर्षे, जमिनीवर बसून की उभ्याने, टाच टेकून बसता येते का, पाय कधी मोडला का, चूल की ओटा, कमोड कधीपासून. अर्जदार जिवंत असताना, स्वतःच्या शब्दांत. नातेवाइकांना मृत्यूनंतर विचारण्यापेक्षा हे किती तरी बरे. तो माणूस गेल्यावर त्याचा घोटा विच्छेदनात उघडला जाईल तेव्हा टॅलसच्या मानेवर जे दिसेल, त्याच्या शेजारी ठेवायला त्याचे आयुष्य असेल. चार्ल्सना लाहोरमध्ये आणि सिंगांना त्यांच्या हाडांवर जे मिळाले नव्हते ते हेच.

बहुतेक अर्जदार हा तक्ता आनंदाने भरतात. काहींचे चार चार पानांचे तक्ते आले. एका निवृत्त गवंड्यांनी कोणत्या वर्षी कोणत्या इमारतीवर काम केले हेही लिहिले.

पण त्यातून नवा प्रश्न उभा राहिला. हा तक्ता हाडांच्या क्रमांकाशी जोडायचा तर नाव कुठे ठेवायचे? हाडांबरोबर ठेवले तर हाताळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माणूस ओळखू येईल. नाव काढून टाकले तर नातेवाइकांनी संमती मागे घेतली तेव्हा कोणते हाड परत करायचे हे कळणार नाही. एथिक्स कमिटीने सध्या नावाची नोंद विभागप्रमुखांकडे कुलूपबंद ठेवून हाडांवर फक्त सांकेतिक क्रमांक लिहायला सांगितले आहे. मामांच्या निवृत्तीनंतर कपाटाची जबाबदारी कुणाकडे जाणार, आणि त्या माणसाला ही पद्धत कोण शिकवणार, हे मात्र अजून ठरायचे आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मॅडमनी तो मुद्दा पहिल्या क्रमांकावर घातला आहे.